रंगाची परीक्षा शेवटी का, सुरुवातीलाच का नको?

कापड विकणाऱ्या माणसाने रेल्वे, जहाज आणि मोटारीच्या नोकऱ्यांवर लेख लिहावा, याचे वाचक बांधवांना नवल वाटेल. माझी तालीम उर्दू शाळेत झाली, डॉक्टरकीचा आणि माझा संबंध नाही. पण विषय रंग ओळखण्याचा आहे, आणि रंग ओळखणे हा माझा तीस वर्षांचा धंदा आहे. शिवाय या एका गोष्टीकडे मी केलेल्या दुर्लक्षामुळे माझ्या घरातल्या एका मुलाची तीन वर्षे वाया गेली. तशी दुसऱ्या कोणाच्या मुलाची जाऊ नयेत, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

माझी सुरुवात भिवंडीत एका लहानशा मॅचिंग सेंटरवर झाली. साडी घेऊन बाई दुकानात येते. तिला त्याच रंगाचा ब्लाउजपीस, अस्तर आणि फॉल हवा असतो. एका हिरव्या रंगात आमच्याकडे वीस-वीस ताके असतात. पोपटी, धानी, मेंदी, शेवाळी, मोरपंखी, बाटली हिरवा असे नाना प्रकार. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा निघतो, म्हणून अनुभवी गिऱ्हाईक कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर जाते आणि उन्हात धरून पाहते.

माझ्या मोठ्या बहिणीचा थोरला मुलगा आठवीत असताना सुट्टीत दुकानात बसायचा. हिशोबाला तेज. कॅल्क्युलेटरच्या आधी त्याची तोंडी बेरीज तयार असे. पण ताका काढायला सांगितला की गडबड. मेंदी रंग मागितला तर तपकिरी आणायचा. फिक्या गुलाबीच्या जागी राखाडी ठेवायचा. मी रागवायचो, “लक्ष कुठे आहे तुझे?” एकदा तो हळूच म्हणाला, “मामू, मला दोन्ही सारखेच दिसतात.” मला ती कामचुकारपणाची सबब वाटली. मी त्याला गल्ल्यावर बसवले आणि विषय संपवला.

पुढे २०१६ साली या मुलाने चालकवर्गातल्या एका सरकारी जागेसाठी लेखी परीक्षा दिली. दोन वर्षे अभ्यास केला. क्लासची फी भरली. क्लासवाल्यांनी वय विचारले, टक्केवारी विचारली, पण रंग नीट दिसतात का हे विचारले नाही. मुलगा पास झाला, घरात मिठाई वाटली. नंतर काही महिने थांबल्यावर वैद्यकीय तपासणीचा दिवस आला. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचे एक पुस्तक त्याच्यापुढे ठेवले आणि ठिपक्यांत कोणता आकडा दिसतो ते विचारले. पाच मिनिटांत निकाल लागला. अपात्र.

त्या रात्री आपा रडत होती आणि मला आठवीतल्या मुलाचे ते वाक्य आठवत होते. जी गोष्ट डॉक्टरांना पाच मिनिटांत कळली, ती माझ्या दुकानात आठ वर्षे आधी माझ्यासमोर घडत होती. खात्याला दोष कसा द्यावा? दोष माझा होता.

हा ऐब येतो कुठून?

माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांपैकी तांबड्या किंवा हिरव्या प्रकाशाशी संबंधित पेशीत उणीव असली, तर लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी या रंगांत घोटाळा होतो. याला रंगांधळेपणा म्हणतात. शब्द भीतिदायक आहे आणि थोडा चुकीचाही. कारण अशा माणसाला जग काळे-पांढरे दिसत नाही. त्याची नजर इतर बाबतीत चांगली असते. तो दूरचे अक्षर वाचतो, सुईत दोरा ओवतो. म्हणूनच घरात कोणाला पत्ता लागत नाही आणि पुष्कळदा त्याला स्वतःलाही लागत नाही.

युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरात सुमारे आठ जणांना हा दोष असतो, स्त्रियांत दोनशेत एखादीला. आपल्याकडे हे प्रमाण त्याहून कमी आढळते. तरी मुलांच्या भरलेल्या वर्गात एक-दोन मुले निघतील, असे धरून चालायला हरकत नाही.

हा दोष आईकडून मुलाकडे येतो. वडिलांचा दोष मुलाला मिळत नाही. तो मुलीकडे जातो, तिला सहसा त्रास होत नाही, आणि तिच्या मुलांत उतरतो. तिच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. थोडक्यात, नानांचा ऐब नातवात दिसतो. आमच्या घरी नेमके हेच झाले. अब्बांना कच्चा आणि पिकला टोमॅटो नजरेने ओळखता येत नसे. ते हाताने दाबून पाहायचे. पण ते आयुष्यभर कोऱ्या कापडाचा व्यापार करत राहिले. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाला रंग नसतो, त्यामुळे त्यांचे कधी अडले नाही. माझे डोळे वाचले, आपाच्या मुलात दोष उतरला.

या दोषाचा अभ्यास करणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञाचे नाव जॉन डाल्टन. तो विणकराचा मुलगा होता आणि कापडाच्या गिरण्यांचे शहर म्हणून जगभर गाजलेल्या मँचेस्टरमध्ये राहत होता. त्याला स्वतःलाच हा दोष होता आणि १७९४ साली त्याने त्यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातील पाणी निळे असावे असा त्याचा तर्क होता. १८४४ साली तो वारल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे डोळे तपासले, तर पाणी स्वच्छ निघाले. जपून ठेवलेल्या डोळ्याच्या अंशावरून १९९५ साली जनुकीय तपासणी झाली, तेव्हा खरा दोष समजला.

परीक्षा हवीच

आता कोणी म्हणेल, मग ही रंगाची परीक्षाच काढून टाका. मी तसे म्हणणार नाही. माझ्या भाच्याचे नुकसान झाले, तरी म्हणणार नाही. चुकीच्या रंगाचे अस्तर गेले तर फार तर गिऱ्हाईक ते परत आणून देते. चुकीचा दिवा वाचला तर माणसे मरतात.

रस्त्यावरच्या उभ्या सिग्नलला लाल दिवा वर आणि हिरवा खाली असतो, त्यामुळे रंग चुकला तरी जागेवरून कळते. रेल्वेच्या इंजिनातून रात्री दूरवर प्रकाशाचा एक ठिपका दिसतो. तो लाल, पिवळा की हिरवा, एवढ्यावर शेकडो जिवांचा भरवसा असतो. समुद्रात तर अंधारात समोरचे जहाज दिसतच नाही, त्याचे दिवे दिसतात. जहाजाच्या डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो. कोणता रंग दिसतो त्यावरून ते जहाज कोणत्या दिशेने चालले आहे हे ठरते, आणि आपले जहाज वळवायचे की नाही हेही. रत्नागिरी आणि रायगडमधील ज्या घराण्यांतले लोक पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर आहेत, त्यांना हे सांगायला नको.

१९९६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात दोन प्रवासी गाड्यांची टक्कर होऊन तीन माणसे मेली. एका गाडीचा चालक लाल सिग्नल ओलांडून गेला होता. मधुमेहामुळे त्याचे डोळे बिघडले होते, रंगांची ओळख कमी झाली होती, आणि ही गोष्ट त्याने आपल्या कंपनीला कळवली नव्हती. २००२ च्या जुलैमध्ये अमेरिकेतच टॅलाहॅसी येथे मालवाहू विमान धावपट्टीच्या अलीकडे झाडांवर आदळले. विमान फार खाली आले की धावपट्टीजवळचे चारही दिवे लाल दिसतात. विमान चालवणाऱ्या सहवैमानिकाला ते लाल दिसले नसावेत. त्याला तीव्र रंगदोष होता असे अपघातानंतरच्या तपासणीत आढळले, आणि अपघाताच्या कारणांत चौकशी मंडळाने त्याची नोंद केली. वैद्यकीय प्रमाणपत्र मात्र त्याच्या खिशात होते. विमानातील तिघे जखमी झाले, पण बचावले.

तेव्हा परीक्षा हवीच. ती केव्हा घ्यावी आणि कशी घ्यावी, यावर माझे म्हणणे आहे.

लोकरीच्या लडी

रेल्वेच्या नोकरांची रंगाची पहिली मोठी परीक्षा कापडवाल्याला आपलीशी वाटेल अशीच होती. १८७५ च्या नोव्हेंबरमध्ये स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे एकेरी मार्गावर दोन गाड्या रात्री समोरासमोर धडकल्या आणि नऊ माणसे दगावली. उप्सालाचे प्राध्यापक फ्रिथियोफ होल्मग्रेन यांना संशय आला की कोणाला तरी कंदिलाचा रंग ओळखता आला नसावा. त्या अपघाताचे कारण खरोखर तेच होते काय, याबद्दल पुढच्या संशोधकांनी शंका घेतली आहे. पण होल्मग्रेन यांनी पुढे एका रेल्वेमार्गावरील २६६ नोकरांची तपासणी केली आणि त्यात १३ जण रंगदोषी निघाले. तोवर ही माणसे रोज सिग्नल पाहून काम करत होती आणि कोणाला खबरही नव्हती.

तपासणी कशाने केली? रंगीत लोकरीच्या लडींनी. टेबलावर नाना रंगांच्या लडींचा ढीग टाकायचा. एक फिकी हिरवी लड हातात द्यायची आणि सांगायचे, या जातीच्या रंगाच्या सगळ्या लडी निवडून काढ. दोष असलेला माणूस हिरव्यांबरोबर राखाडी आणि बदामी लडीही काढून ठेवायचा. म्हणजे जे मॅचिंग सेंटरवर रोज चालते, तेच.

यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. त्या परीक्षेत रंगाचे नाव विचारत नसत, फक्त जुळणी करायला सांगत. नावाचा संबंध भाषेशी आणि घराशी असतो. मी दुकानात प्रथम आलो तेव्हा उन्नाबी, फिरोजी, सुरमई म्हणायचो, गिऱ्हाईक डाळिंबी, आकाशी, चिंतामणी मागायचे. आम्हा दोघांचेही डोळे ठीक होते. फरक शब्दांचा होता. मुलाला “हा कोणता रंग?” असे विचारून घाईने पारख करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

लोकरीच्या परीक्षेतून काही दोषी माणसे निसटतात असे पुढे दिसून आले. मग कंदिलाच्या परीक्षा आल्या. अंधाऱ्या खोलीत लहान छिद्रातून रंगीत प्रकाश दाखवायचा आणि ओळखायला सांगायचे. १९१७ मध्ये जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी ठिपक्यांचे तक्ते प्रसिद्ध केले. आज जगभर तेच पुस्तक चालते. आपल्या रेल्वेत इशिहाराचे तक्ते आणि एड्रिज-ग्रीन यांचा कंदील, दोन्ही वापरात आहेत.

होय-नाही की किती?

इशिहाराचे पुस्तक चांगले आहे, स्वस्त आहे, झटपट आहे. पण त्याचे काम चाळणीचे आहे. तांबड्या-हिरव्याचा दोष आहे की नाही, एवढे ते चांगले सांगते. दोष किती आहे, हे ते खात्रीने सांगू शकत नाही. सौम्य दोषाचा माणूसही त्यात अडकतो, तीव्र दोषाचाही. दोघांना एकच शिक्का बसतो.

फरक केवढा आहे पाहा. कोणाला फक्त फिके रंग जवळजवळ ठेवले तरच घोटाळा होतो, कोणाला लाल आणि हिरवा भडक दिवाही वेगळा दिसत नाही. कोणाच्या दोषाची जात अशी असते की लाल रंगच मंद दिसतो, म्हणजे दूरचा लाल दिवा उशिरा नजरेला पडतो. दुसऱ्या जातीत दिव्याचा उजेड कमी दिसत नाही. कापडाची लांबी मोजायला आपण गज घेतो. “कापड आहे का?” एवढे विचारून कोणी बिल करत नाही. इथे मात्र माणसाच्या रोजीचे बिल “आहे की नाही” यावरच होते.

मोजण्याची साधने नाहीत असेही नाही. अॅनोमॅलोस्कोप नावाचे यंत्र आहे. त्यात लाल आणि हिरवा प्रकाश मिसळून पिवळ्याशी जुळवायचा असतो, त्यावरून दोषाची जात आणि प्रमाण कळते. लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीने संगणकावरची परीक्षा तयार केली. ब्रिटनच्या नागरी विमान खात्यासाठी २००९ साली झालेल्या अहवालात असे निघाले की रंगदोषी उमेदवारांपैकी सुमारे ३५ टक्के लोक विमानाचे दिवे निर्दोष माणसाइतकेच ओळखू शकतात. आधी कामाला किती रंगदृष्टी लागते ते मोजले, मग माणसाकडे किती आहे ते मोजले, आणि मग निर्णय घेतला. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर मागणी आणि माल, दोन्ही मोजले.

आपल्याकडेही कायदा या दिशेने सरकला आहे. पूर्वी वाहन परवान्याच्या नमुना १ मध्ये लाल आणि हिरवा रंग सहज ओळखता येतो काय, असा सरळ प्रश्न होता. २०२० च्या जून महिन्यात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने नमुना १ आणि १ अ यांत दुरुस्ती केली. सौम्य किंवा मध्यम रंगदोष असलेल्यांना परवान्याचा मार्ग मोकळा झाला. तीव्र दोष असलेल्यांना तो मिळत नाही. दुरुस्ती न्यायाची आहे. पण तिचा अर्थ असा की आता डॉक्टरांनी “किती?” याचे उत्तर द्यायचे आहे, आणि गावोगावच्या डॉक्टरांच्या हाती साधन आहे ते “आहे की नाही” सांगणारे. जिल्ह्याच्या ठिकाणी तरी प्रमाण मोजण्याची सोय झाली पाहिजे. नाहीतर सौम्य, मध्यम आणि तीव्र हे शब्द कागदावर राहतील आणि निर्णय डॉक्टरांच्या अंदाजावर होईल.

पुस्तकाबद्दलही एक व्यापारी म्हणून बोलतो. आमचे शेड कार्ड दोन वर्षे उन्हात पडले की त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. रंग उडालेले असतात. इशिहाराचे तक्तेही उजेडाने फिके पडतात. ते बंद करून ठेवावेत, दिवसाच्या चांगल्या प्रकाशात दाखवावेत, जुने झाले की बदलावेत. झेरॉक्सवर किंवा मोबाइलवर घेतलेली परीक्षा घरच्या घरी शंका येण्यापुरती ठीक, पण तिच्यावर कोणाची रोजी ठरवू नये.

नोकरी लागल्यानंतर

जन्मतः निर्दोष असलेली नजरही पुढे बिघडू शकते. मधुमेहाचे उदाहरण वर दिले. क्षयरोगावर दिल्या जाणाऱ्या इथॅम्ब्युटॉल या औषधाने काही रुग्णांच्या डोळ्याच्या नसेवर परिणाम होतो आणि लाल-हिरव्याची ओळख कमी होते. वेळेवर डॉक्टरांना सांगितले तर बहुधा ती सुधारते. म्हणून हे औषध घेणाऱ्या चालकाने रंग फिके वाटू लागले तर लपवू नये.

पण चालक लपवतो का? कारण त्याला भीती असते की सांगितले तर घरी बसावे लागेल. ही भीती दूर केल्याशिवाय तो खरे बोलणार नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात अशी तरतूद आहे की सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही, दुसरे योग्य काम द्यावे लागते. मात्र त्या कायद्यातील २१ प्रकारांत रंगांधळेपणाचे नाव नाही. त्यामुळे चालकांना कोर्टात जावे लागते.

तेलंगणाच्या एस.टी. महामंडळातील एका चालकाला रंगदोष आढळल्याने २०१६ साली नोकरीतून निवृत्त केले गेले. महामंडळाचा कामगार संघटनांशी १९७९ सालचा करार होता की अशा चालकांना दुसरे काम द्यावे. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२५ रोजी निकाल दिला की आठ आठवड्यांत त्याला योग्य जागेवर परत घ्यावे आणि थकलेल्या पगाराच्या २५ टक्के रक्कम द्यावी. गाडी त्याच्या हाती द्या, असे कोर्टाने म्हटले नाही. डेपोत बसूनही महामंडळाची पुष्कळ कामे असतात, त्यातले एक द्या, एवढेच म्हटले. प्रवाशाचा जीव आणि कामगाराची रोटी, दोन्ही सांभाळणारा हा निकाल आहे. पण त्यासाठी त्या माणसाला नऊ वर्षे वाट पाहावी लागली.

शॉर्टकट नको

एक कडू गोष्टही लिहितो. ठिपक्यांचे आकडे पाठ करून जा, असा सल्ला देणारे लोक आहेत. खास रंगाची काच किंवा लेन्स लावली की पास व्हाल, म्हणून पैसे घेणारे आहेत. रंगीत काचेने काही ठिपके उठून दिसतात हे खरे, पण डोळ्यातील उणीव भरून निघत नाही, उलट दुसरा एखादा दिवा अंधुक होऊ शकतो. जन्मजात दोषावर आज बाजारात कोणतेही औषध नाही. डाग असलेला ताका घडीत झाकून विकणाऱ्याला आपण बेईमान म्हणतो. आपल्या मुलाचा दोष झाकून त्याला इंजिनात किंवा जहाजाच्या डेकवर उभे करणे त्याहून वाईट आहे, कारण त्याची किंमत तिसराच माणूस मोजतो.

काय करता येईल?

पहिली गोष्ट पालकांसाठी. मुलगा आठवी-नववीत गेला की एकदा नेत्रतज्ज्ञाकडे नेऊन रंगदृष्टी तपासून घ्या. मुलाच्या नानांना किंवा मामूंना रंगांचा घोटाळा होत असेल, तर ही तपासणी अजिबात चुकवू नका. शाळेत डोळे तपासणारे पथक बहुधा अक्षरांचा तक्ता वाचून घेते. त्यात पास झाला म्हणजे रंगही ठीक, असे समजू नका.

दुसरी गोष्ट, जाहिरात नीट वाचा. रेल्वेत सगळ्या जागांना रंगदृष्टी लागत नाही. सहायक लोको पायलटची जागा ए-१ वैद्यकीय वर्गात आहे, स्टेशन मास्तरची ए-२ मध्ये. ए वर्गांत आणि बी-१ मध्ये रंगाची परीक्षा आहे. बी-२, सी-१ आणि सी-२ मध्ये ती लागत नाही. कनिष्ठ लिपिक-टंकलेखकाची जागा सी-२ मध्ये येते. भरतीच्या जाहिरातीत प्रत्येक जागेपुढे वर्ग छापलेला असतो. वैद्यकीय तपासणीत नापास झाल्यास दुसरी जागा मिळणार नाही, हेही तिथेच लिहिलेले असते. मग अर्ज भरतानाच शहाणपण वापरलेले काय वाईट?

तिसरी गोष्ट मर्चंट नेव्हीची. तिथे लाखांनी फी भरावी लागते, कर्ज काढावे लागते, काही घरांत दागिने गहाण पडतात. डीजी शिपिंगने मान्य केलेल्या डॉक्टरांची यादी असते. फी भरण्याआधी त्यांच्यापैकी एकाकडे मुलाला न्या. आधी तपासणी, मग पैसा, हा क्रम सोडू नका.

चौथी गोष्ट आपल्या संस्थांसाठी. दर जूनमध्ये मोहल्ल्यात वह्या वाटल्या जातात, दहावी पास झालेल्यांचे सत्कार होतात. चांगले काम आहे. त्याच खर्चात इशिहाराचे एक अस्सल पुस्तक घ्या आणि नेत्रतज्ज्ञाला वर्षातून एक दिवस शाळेत बोलवा. एका मुलाला पाच मिनिटेही लागत नाहीत. ज्याला आकडे वाचता येत नाहीत त्याच्यासाठी बोटाने रेषा गिरवण्याचे तक्तेही त्यात असतात. निकाल मुलाच्या आईवडिलांना बाजूला घेऊन सांगा, वर्गात ओरडून नव्हे.

आणि सरकारी खात्यांना विनंती अशी की रंगाची पहिली चाचणी लेखी परीक्षेच्या आधी घ्या किंवा अर्जासोबत तिचे प्रमाणपत्र मागा. जो त्यात अडकेल त्याच्यासाठी प्रमाण मोजणारी दुसरी परीक्षा ठेवा. आज मुलगा हजारोंच्या स्पर्धेतून निवडला जातो आणि सगळ्यात शेवटी त्याला जन्मापासून असलेली गोष्ट सांगितली जाते. या क्रमात खात्याचाही वेळ जातो आणि मुलाचीही उमेद जाते.

शेवटी घरचीच हकीगत. थोरल्या भाच्याच्या वेळी धाकटा आठवीत होता. आठवड्याच्या आत त्याला डॉक्टरांकडे नेले. त्याच्यातही तोच दोष निघाला. त्याने एक दिवस तोंड पाडले, मग कॉमर्सला गेला. आज एका मालवाहतूक कंपनीत हिशोब पाहतो. गाड्या त्याच्या सहीने सुटतात, फक्त तो त्या चालवत नाही. थोरला तीन वर्षे भटकून अखेर माझ्याच गोदामात आला. आता आमच्या प्रत्येक ताक्यावर शेड नंबर मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, आणि ही सूचना त्याचीच. तेव्हापासून चुकीचा माल गेल्याची तक्रार कमी झाली आहे, कारण नंबर वाचताना माझीही चूक होत नाही.

दोघे भाऊ एकाच आईचे, दोष एकच. एकाला बाविसाव्या वर्षी कळले, दुसऱ्याला तेराव्या. वाचकांनी आपल्या घरातल्या मुलाबद्दल या आठवड्यातच विचार करावा.